किल्ली कुणाकडं असते?

नरसोबाच्या वाडीत देव माणसांच्या आधी घर सोडतात. कृष्णा-पंचगंगेचा संगम गावाला खेटूनच आहे. पावसाळ्यात पाणी दत्तमंदिराच्या पायऱ्या चढायला लागलं, की पुजारी मंडळी उत्सवमूर्ती उचलून वरच्या अंगाला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. यासाठी परिपत्रक निघत नाही, जिल्ह्याहून आदेश येत नाही आणि 'देवांनी आवश्यक कागदपत्रांसह सुरक्षित स्थळी जावे' असं रिक्षाला भोंगा बांधून कुणी ओरडत फिरत नाही. पाणी कुठवर आलं की काय उचलायचं, कुणी उचलायचं आणि कुठं ठेवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. देवांचं सामान तयार असतं. माणसं मात्र शेवटच्या क्षणी रेशनकार्ड शोधत कपाटाचे कप्पे उपसत बसतात.

याच वाडीत त्याच पाण्याचा सोहळाही होतो. पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा झाला. त्या पाण्यात स्नान केलं तर पुण्य लागतं, म्हणून बातमी फुटताच आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून भाविक भिजायला निघतात. एका रस्त्यानं तहसीलदारांची जीप लोकांना पाण्यापासून लांब न्यायला येते आणि त्याच रस्त्यानं गाड्या भरभरून लोक पाण्याजवळ यायला निघालेले असतात. दोघांना बातमी एकच मिळालेली असते. जीपवाल्यांना ती जलसंपदा विभागाकडून मिळते, गाडीवाल्यांना वाडीत दिलेल्या आत्याकडून. आणि आत्याची बातमी बहुधा आधी पोचते.

या आत्याला सरकारी आराखड्यात जागा कुठं द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण दिलं, जिल्हाधिकाऱ्यांना त्याचं अध्यक्ष केलं आणि जिल्ह्याचा आराखडा करून तो दरवर्षी तपासायला सांगितलं. लोकांना प्रशिक्षण देताना स्वयंसेवी संस्थांची मदत घ्यावी, हेही कायद्यात आहे. त्याप्रमाणे आराखडे होतात आणि ते चांगले जाडजूड असतात. सुरुवातीला जिल्ह्याचे अक्षांश-रेखांश, मग पर्जन्यमान, मग भूकंपप्रवणता, आणि बरंच चालून गेल्यावर परिशिष्टं. त्यातल्या एका परिशिष्टात सामाजिक व धार्मिक संस्थांचा तक्ता असतो. संस्थेचं नाव, अध्यक्षांचं नाव, भ्रमणध्वनी क्रमांक. मंडळाचे अध्यक्ष बदलतात, मंडळ फुटून दोन मंडळं होतात, अध्यक्ष पक्ष बदलतात. तक्ता मात्र एकनिष्ठ राहतो. ऐन पुरात त्यातला नंबर फिरवावा, तर पलीकडून पुण्याच्या आयटी कंपनीतला एक त्रासलेला मुलगा सांगतो, की हा नंबर मला मिळून तीन वर्षं झाली आणि गणपतीच्या वर्गणीचे फोन अजून येतात.

कुठल्याही पूरप्रवण तालुक्यात मेच्या अखेरीला मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. ती साधारण अशी. पुढच्या रांगेत महसूल, पोलीस, आरोग्य, महावितरण, बांधकाम आणि पाटबंधारे. मागे, पंख्याचा वारा पोचत नाही तिथं, तालमीचे कारभारी, मशिदीचे ट्रस्टी, जैन बस्तीचे पंच, मठाचे प्रतिनिधी, भजनी मंडळाचे बुवा आणि बचतगटाच्या दोन-तीन बाया. पुढची रांग पाळीपाळीनं उठून 'यंत्रणा सज्ज आहे' असं सांगते. महावितरणचे साहेब हे सांगत असतानाच वीज जाते. कोल्हापूर-सांगलीकडची बैठक असेल तर कुणीतरी अलमट्टी धरणाचं नाव काढतं आणि पुढची वीस मिनिटं कर्नाटकाला जातात. शेवटी अध्यक्ष मागच्या रांगेकडं वळून 'आपलं सर्वांचं सहकार्य अपेक्षित आहे' म्हणतात. मग चहा येतो. मागच्या रांगेला वाटतं, आपल्याला बोलावलं होतं ते चहासाठीच.

क्वचित एखादा नवखा नायब तहसीलदार चुकून खरा प्रश्न विचारतो.

"मंदिराच्या भक्तनिवासात किती लोक राहतील?"

"पाचशे, साहेब," पंच छाती पुढं काढून सांगतात.

"बसून का झोपून?" मागून बचतगटाच्या काकी विचारतात.

खोलीत शांतता पसरते. पाचशेचा आकडा पंगतीचा असतो. पंगतीतला माणूस मांडी घालून बसतो, जेवतो आणि वीस मिनिटांत उठून जातो. पूरग्रस्त आडवा होतो, कूस बदलतो आणि आठ दिवस राहतो. शिवाय त्याच्यासोबत दोन पेट्या, एक शिलाई मशीन आणि दाराबाहेर बांधलेली म्हैस असते. पाचशेचे मग दीडशे होतात.

"बरं, भक्तनिवासाची किल्ली कुणाकडं असते?"

"गुरवाकडं."

"आणि गुरव?"

"ते नदीकाठालाच राहतात. पाणी आलं की मेव्हण्याकडं जातात. जयसिंगपूरला."

"आणि किल्ली?"

"ती त्यांच्या कडदोऱ्याला, साहेब."

दीडशे जणांचा निवारा गुरवासोबत जयसिंगपूरला जातो, ही माहिती अख्ख्या आराखड्यात कुठं नसते. आराखडा लिहिणारे मूर्ख असतात असं नाही. ही माहिती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि सांगणाऱ्याला ती सांगण्यासारखी वाटत नाही, म्हणून ती कागदावर येत नाही.

नाशिककरांनी पूर मोजायचं काम थेट मारुतीवर सोपवलं आहे. रामकुंडाच्या परिसरात गोदावरीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर शहराचा रक्तदाब ठरतो. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू झाला, हे ऐकून सराफ बाजारातला दुकानदार जागचा हलत नाही. मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हटल्याबरोबर मात्र काउंटरखालचे खोके माळ्यावर चढतात. क्युसेक कुणी पाहिलेला नाही, मारुतीची छाती सगळ्यांनी पाहिलेली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा त्या एका वाक्यानं जे सांगितलं ते सांगायला नियंत्रण कक्षाला पानभर मजकूर लागला असता. त्याच काठावर नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. तिला पाणी टेकलं की महापूर, हा जुना हिशेब. ही घंटा वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आली, असं सांगतात. पोर्तुगीजांची घंटा शंकराच्या देवळावर टांगायची आणि तिच्यावर गंगामाईचा पूर मोजायचा, इतका व्यापक आंतरधर्मीय समन्वय कुठल्याही कार्यशाळेत साधलेला नाही.

अर्थात अशा खुणांना एक खोड असते. त्या गेल्या पुरापर्यंतच खरं बोलतात. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत कितीतरी घरांतून म्हातारी माणसं हलायला तयार नव्हती, कारण 2005 ला पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं होतं. भिंतीवर तशी खूण होती आणि खुणेवर आजोबांची श्रद्धा होती. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, आणि आजोबांना खिडकीतून बोटीत घ्यावं लागलं. दोनच वर्षांनी, 2021 ला, ती 56 च्याही वर गेली. तेव्हा आजोबा सर्वांत आधी पिशवी भरून दारात बसले होते आणि मुलगा म्हणत होता, "थांबा हो, एवढं काय येत नाही."

मंडळांकडं नक्की काय असतं, याचा हिशेब सरकारनं कधी नीट मांडलेला दिसत नाही. मोठी पातेली, काहिली, झारे, ताडपत्र्या, जनरेटर, ध्वनिक्षेपक आणि तो लावायची न शमणारी इच्छा, हे तर झालंच. पण सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वर्गणीचं पावतीपुस्तक. गल्लीतल्या प्रत्येक दारापर्यंत वर्षातून एकदा तरी न चुकता पोचणारी माणसं दोनच, मतदारयादीवाला आणि वर्गणीवाला. त्यातला मतदारयादीवाला बंद दार पाहून परत जातो. वर्गणीवाला परत जात नाही. कुठलं घर कुलूपबंद आहे, कुणाचा भाडेकरू नवा आहे, कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेत (कारण 'बाबा आजारी आहेत, नंतर या' हे त्याला तीन वर्षं ऐकवलेलं असतं), कुणाच्या घरी दुपारी फक्त म्हातारी असते, हे सगळं त्याला पाठ असतं. महिला मंडळाची माहिती त्याहून खोल. कुणाला आठवा महिना लागलाय, कुणाचं इन्सुलिन फ्रिजात असतं, कुणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि कोणत्या दोन जावांना एका खोलीत ठेवलं तर पुरापेक्षा मोठी आपत्ती ओढवेल, याचा इतका ताजा तपशील कुठल्याही सर्वेक्षणात मिळायचा नाही.

पण पावतीपुस्तकात तेच येतात, जे वर्गणी देतात. गावाबाहेर पालं ठोकून राहिलेली कुटुंबं, वीटभट्टीवरची माणसं, कारखान्याच्या मागं खोलीत आठ-आठ जण राहणारी उत्तरेकडची पोरं यांच्याकडं कुणी पावती फाडत नाही, आणि नदी तर आधी त्यांच्याकडंच येते. देवळाच्या यादीत मशिदीच्या गल्लीतली घरं नसतात, मशिदीच्या यादीत वाड्यातली नसतात, आणि दोन्ही याद्या पुरेशा आहेत असं दोघांनाही मनापासून वाटत असतं. सरकारी माणसाचं काम खरं इथं सुरू होतं. सगळ्या याद्या एका टेबलावर पसरायच्या आणि मधली भोकं शोधायची. टेबल आणि चहा दोन्ही सरकारचे असल्यामुळे हे त्यालाच जमू शकतं.

काही गावांत हे टेबल आधीच मांडलेलं असतं. नरसोबाच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर कुरुंदवाड आहे. तिथं पाच मशिदींत गणपती बसतो, तोही अनेक वर्षांपासून. काही वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र येतात, तेव्हा पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली असतात. बाहेरून आलेल्या पत्रकाराला यात थोर संदेश दिसतो. कुरुंदवाडकरांना मांडवाचा खर्च वाचलेला दिसतो. अशा गावात पूरनियोजनाची बैठक घ्यायची, तर सर्वधर्मीय प्रतिनिधी वेगवेगळे बोलवावे लागत नाहीत. एका दारात उभं राहून हाक मारली तरी गणसंख्या पूर्ण होते.

लाखो माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, रोज नव्या ठिकाणी त्यांना जेवू घालणं, झोपवणं आणि पहाटे पुन्हा उठवून चालायला लावणं, याचं सर्वांत मोठं प्रात्यक्षिक महाराष्ट्रात दरवर्षी आषाढात होतं. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, त्यामुळे सोहळ्याला लष्करी वळण लागलं. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथाच्या पुढची कोणती आणि मागची कोणती हे ठरलेलं आहे, आणि आपला क्रमांक सोडून पुढं घुसलेल्या दिंडीला मागची दिंडी पांडुरंगाचंच नाव घेत, पण वेगळ्या स्वरात जागा दाखवते. राहुट्यांचं सामान ट्रकमधून पुढं गेलेलं असतं. वारकरी मुक्कामाला पोचतो तेव्हा भाकरीचा वास आधीच येत असतो.

यातला सर्वांत शहाणा भाग म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणची समाजआरती. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि मैदानभर पसरलेला टाळ-मृदंगाचा कल्लोळ एकदम थांबतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. सगळं शांत आणि एकीकडं टाळ चालू, म्हणजे तिथं काहीतरी दुखतंय. चोपदार तिकडं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, टाळ थांबतात. अर्ज नाही, आवक-जावक क्रमांक नाही, 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' नाही. पूरग्रस्तांच्या छावणीत रोज संध्याकाळी नुसती एवढी व्यवस्था लावली, तरी तहसील कार्यालयाच्या दारातली निम्मी गर्दी कमी होईल. अडचण एकच आहे. आपल्या छावण्यांत सगळेच टाळ एकदम वाजत असतात आणि चोप उचलण्यावरून पालकमंत्री, आमदार आणि माजी आमदार यांच्यात रस्सीखेच चाललेली असते.

फोटो हा या विषयातला नाजूक भाग. 2019 च्या पुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रं चिकटवल्यावरून बराच गदारोळ झाला. बोटीत बसून हसतमुखानं हात हलवणाऱ्या एका मंत्र्यांचं चित्रण राज्यभर फिरलं. त्याच आठवड्यात सरकारी आदेशही गाजला. परिसर दोन दिवसांहून अधिक काळ बुडालेला असेल, तर मोफत गहू-तांदूळ. म्हणजे पावणेदोन दिवस बुडालेल्यांनी आणखी थोडा धीर धरायचा होता. राज्यकर्त्यांवर हसणं सोपं आहे, पण धार्मिक आणि सामाजिक मंडळंही फ्लेक्सच्या मोहातून सुटलेली नाहीत. टेंपोला पुढून-मागून 'एक हात मदतीचा' बांधायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात टेंपो शिरोळला पोचला असता. आणि टेंपोत काय असतं? पाव, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे. पुरात सर्वस्व गेलेल्या शेतकरणीच्या हाती लग्नातली जरीची शेरवानी आणि एकाच पायातला बूट पडतो. तिला हवी असते चूल, केरसुणी, गोळ्यांचं पाकीट आणि म्हशीला चारा. चाऱ्याचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे तो उशिरा येतो.

एखाद्या गावाला रस्त्याच्या तोंडाशी असण्याचं भाग्य लाभतं. तिथं पहिल्या दिवशी चार संस्थांची खिचडी येते, दुसऱ्या दिवशी सहांची, आणि तिसऱ्या दिवशी गावकरीच पुढच्या टेंपोला हात जोडतात. त्यापलीकडं चार किलोमीटरवर, चिखलाच्या रस्त्यानं, एक वाडी असते. तिचं नाव कुठल्याही फ्लेक्सवर नसतं आणि तिथं अजून चहासुद्धा पोचलेला नसतो. खिचडी कमी पडली असं या मुलखात फारसं होत नाही. कुणी कुठल्या दिवशी कुठं न्यायची हे मे महिन्यात ठरवायला हवं, आणि मे महिन्यात सगळे लग्नांत गुंतलेले असतात.

जोश आणि तयारी यांच्यात अंतर आहे, हे 2019 नं फार कठोरपणे शिकवलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. बोट होती, बोट चालवायला धजावणारी माणसं होती, पण तीत क्षमतेहून फार जास्त लोक चढले होते. 'बसा हो, होतंय' हा महाराष्ट्राच्या वडाप जीपचा मंत्र पाण्यावर चालत नाही. केंद्राची 'आपदा मित्र' योजना 2016 मध्ये 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली ती यासाठीच. गावातल्याच तरुणांना शिकवायचं, साहित्य द्यायचं. पुढं ती 350 जिल्ह्यांत आणि एक लाख स्वयंसेवकांपर्यंत न्यायचं ठरलं. हे एक लाख कुठं शोधायचे, असा प्रश्न निदान महाराष्ट्रात तरी पडू नये. सात-आठ थर लावणाऱ्या गोविंदा पथकातल्या खालच्या थराच्या पोराला खांद्यावर वजन घेऊन न हलणं शिकवावं लागत नाही. त्याला शिकवायचं ते एवढंच, की वरच्यानं हंडी फोडली नाही तरी चालेल, सगळे खाली सुखरूप उतरले पाहिजेत.

श्रद्धा संकटात मदत करते तशी कधी संकटही ओढवते, आणि मग हसण्यासारखं काही उरत नाही. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे माणसं गेली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि मग आग. यातली एकही गोष्ट गुरव, दुकानदार आणि पोलीस यांपैकी कुणाला नवी नव्हती. त्याआधी नाशिकच्या सिंहस्थात, 2003 च्या ऑगस्टमध्ये, शाही मिरवणुकीनंतरच्या गर्दीत 39 जण चेंगरून मेले. साधूंनी उधळलेली नाणी वेचायला लोक वाकल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. आखाड्यांशी स्नानाच्या वेळा आणि मिरवणुकीचे मार्ग ठरवणं हे जिल्हाधिकाऱ्यांच्या नोकरीतलं सर्वांत अवघड काम असावं. समोरच्यानं घर, नाव आणि संसार सोडलेला असतो, पण मिरवणुकीतला क्रमांक सोडलेला नसतो. तरीही ते ठरवावं लागतं, ताटकळत, चहा पीत, अहंकार सांभाळत. 2015 चा सिंहस्थ अशी दुर्घटना न होता पार पडला. आता 2027 च्या तयारीच्या बैठका सुरू आहेत. त्यात कुणी किल्लीबद्दल विचारलं असेल, अशी आशा आहे.

समजूत घातली तर धर्मसंस्था किती वाकू शकतात, हे करोनानं दाखवलं. 2020 च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पायी वारी बंद, हे वाक्य वर्षभर आधी कुणी उच्चारलं असतं तर त्याला गावात राहणं मुश्कील झालं असतं. पण फडकरी, मानकरी, विश्वस्त आणि प्रशासन यांच्या बैठकांवर बैठका झाल्या आणि फुलांनी सजवलेल्या एसटीत पादुका बसल्या. लालबागच्या राजाच्या मंडळानं त्या वर्षी मूर्तीच न बसवता आरोग्योत्सव केला आणि रक्त व प्लाझ्मा गोळा केला. ज्या रांगेत उभं राहायला मुंबईकर रात्र-रात्र घालवतो, ती रांगच नाहीशी झाली. या गोष्टी पोलिसी दंडुक्यानं घडल्या नसत्या. मंडळानं सांगितलं म्हणून लोकांनी ऐकलं.

सरकार आणि उत्सव यांचं नातं तसं जुनंच आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा विसर्जनाची रात्र नुकती सरत होती. मुख्यमंत्री शरद पवार विसर्जन सुखरूप पार पडल्याची खबर येईपर्यंत जागे होते, हे त्यांनी स्वतःच पुढं अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे राज्याची यंत्रणा गणपतीमुळे जागी होती, पण थकलेली होती. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्याकडं देशभरातून संस्था धावल्या. बहुतेकांची धाव पंधरवड्याची असते, आणि त्यात गैर काही नाही. पण भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुलं पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, आणि ते काम काही पंधरवड्यात संपणारं नव्हतं. अशा माणसांची नोंद परिशिष्टाच्या तक्त्यात एकाच ओळीत होते, जितकी एकदा ब्लँकेटं वाटून फोटो काढणाऱ्यांची होते.

बैठकांनंतरची पायरी म्हणजे रंगीत तालीम. नदीघाटावर मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. पूर सकाळी दहाला यायचा असतो, पण प्रमुख पाहुणे साडेअकराला येतात, म्हणून पूरही साडेअकराला येतो. बुडायला नेमलेला होमगार्ड तोवर दोन वडापाव खाऊन बसलेला असतो. त्याला तालमीची पोरं वाचवतात. मग कॅमेरेवाल्यांसाठी पुन्हा वाचवतात. मग दुसऱ्या तालमीची पोरं म्हणतात, आम्हीपण वाचवणार, आणि नको नको म्हणत असताना त्याला तिसऱ्यांदा पाण्यात सोडतात. भोंग्यावरून सूचना द्यायची कुणी, मशिदीच्या भोंग्यावरून की देवळाच्या, यावर वाद होईल अशी पोलिसांना धास्ती असते. प्रत्यक्षात दोन्हीकडून एकदम सूचना सुरू होतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. शेवटी पोलीस निरीक्षक वैतागून हातानंच खुणा करतात.

समारोपाच्या भाषणात पाहुणे म्हणतात, की आज सर्व समाज एकवटलेला पाहून ऊर भरून आला. टाळ्या होतात. काही शंका असतील तर विचारा, असं निवेदक सवयीनं म्हणतो आणि माईक बंद करायला हात पुढं करतो. तेवढ्यात मागून बचतगटाच्या काकी उभ्या राहतात.

"साहेब, भक्तनिवासात दीडशे माणसं झोपणार. त्यात बाया सत्तर-ऐंशी तरी असतील. संडास दोनच आहेत, आणि त्यातला एक बुजलाय."

नायब तहसीलदार पंचांकडं बघतात, पंच गुरवाकडं बघतात.

"दुसऱ्याला कुलूप आहे," गुरव सांगतात.

"आणि किल्ली?"

गुरव कडदोरा चाचपतात. ही त्यांच्याकडं नसते. ही ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं असते, आणि शिपाई रंगीत तालमीत पूरग्रस्त म्हणून नेमल्यामुळे सकाळपासून पलीकडच्या काठावर बोटीची वाट बघत बसलेला असतो.